सणाचे सोने आणि आपली ज्ञाती

सणासुदीच्या अवाजवी खर्चाविषयी आजवर पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. तथापि सुवर्णकार ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत हा विषय काढणे म्हणजे फुलमाळ्यानेच देवाला फुले वाहू नका असे सांगण्यासारखे आहे, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. दसरा-दिवाळीच्या खरेदीवर ज्यांची वर्षाची बेगमी अवलंबून, त्यांनीच खरेदीला आवर घालण्याची भाषा करावी, हे विचित्र खरे. परंतु आपण केवळ विकणारे नाही, घेणारेही आहोत. किंबहुना सोनाराच्या घरची मुलगी सासरी चालली म्हणजे तिच्या अंगावर चारचौघींपेक्षा दोन डाग अधिक असलेच पाहिजेत, अशी लोकांची समजूत असते आणि त्या समजुतीला आपण आनंदाने बळी पडतो. मुलीचा पहिला दिवाळसण, पहिली संक्रांत, अधिक महिन्याचे वाण आणि मंगळागौर असे एकामागून एक सण ओळीने उभे राहतात. हातात हातोडी धरून दिवसाला ठरावीक मजुरी मिळवणारा आपलाच ज्ञातिबांधव, आपल्याच ज्ञातीतल्या पेढीवाल्याकडून उधारीवर अंगठी घेऊन जावयाच्या बोटात घालतो आणि पुढची दोन वर्षे ती फेडीत बसतो. हे चित्र आम्ही कल्पनेने रंगवीत नाही. ज्ञातिबांधवांपैकी ज्यांचे चार घरी जाणेयेणे आहे, त्या सर्वांना ते ठाऊक आहे.

म्हणून या विषयाचा इतिहास काय सांगतो ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ दसऱ्यापासून करणे उचित होईल. रघुवंशाच्या पाचव्या सर्गातील कौत्साची कथा सर्वांना परिचित आहे. वरतंतु ऋषींचा हा शिष्य गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्ण मागावयास रघुराजाकडे आला. विश्वजित् यज्ञात सर्वस्व दान केलेल्या राजाजवळ तेव्हा मातीच्या भांड्यांवाचून काही उरले नव्हते. कुबेरावर स्वारी करण्याचा त्याने बेत केला आणि त्या रात्रीच कोशागारात सुवर्णाची वृष्टी झाली. राजा म्हणू लागला, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणू लागला, गुरूला द्यावयाचे तेवढेच घेईन, त्याहून अधिक नको. कालिदासाने या प्रसंगी अयोध्येच्या लोकांनी दोघांचेही कौतुक केल्याचे वर्णिले आहे. पुढे लोककथेने त्यात आपट्याच्या वृक्षाची भर घातली. कौत्साने नाकारलेले सुवर्ण आपट्याखाली रचले गेले, ते लोकांनी लुटले आणि तेव्हापासून विजयादशमीला सोने लुटण्याची चाल पडली, असे आपण मुलांना सांगतो. लुटीचा भाग आपण लक्षात ठेवला. ज्याच्यामुळे ते सोने तेथे उरले, त्या कौत्साचा नकार मात्र विसरलो.

दसऱ्याचे सोने म्हणजे आपट्याचे पान, ही योजना करणाऱ्या पूर्वजांच्या चातुर्याचे आम्हांस नेहमी नवल वाटते. राव आणि रंक यांनी एकमेकांच्या हातावर ठेवावयाचे सोने सारख्याच किमतीचे. त्यात तोळा-मासा पाहण्याचा प्रश्नच उरत नाही. (आता बाजारात आपट्याच्या नावाने बहुधा कांचनाची पाने विकली जातात, आणि आपट्याची झाडे मात्र फांद्या ओरबाडून उघडी पडतात. चौदा कॅरटची पाने म्हणावीत ती हीच!) संक्रांतीचेही तसेच आहे. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घालतात. हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, मुकुट हे सारे साखरेच्या पाकाचे, आणि दुसऱ्या दिवशी घरातील मुलांच्या पोटात जाणारे. ज्या समाजाने वर्षातून एकदा पानाला सोने म्हटले आणि एकदा साखरेचे दागिने घडविले, त्या समाजाला सोन्याची हौस नव्हती असे नाही. ती हौस भागविण्याची स्वस्त युक्ती त्याला अवगत होती.

मग सणाला सोने विकत घेण्याची चाल कोठून आली? येथे थोडे तारतम्य पाळले पाहिजे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि विजयादशमी हे तीन पूर्ण आणि बलिप्रतिपदा हा अर्धा, असे साडेतीन मुहूर्त आपण मानतो. त्यांपैकी दसरा आणि दिवाळी खरिपाच्या सुगीला लागून येतात, आणि पाडव्याच्या सुमारास रब्बीचे धान्य घरात आलेले असते. कुणब्याच्या हातात वर्षातून दोनदाच रोकड येई, आणि ती आली त्याच वेळी त्याच्या दारापुढे हे सण येत. खेड्यात पतपेढी नव्हती, टपाल कचेरीची बचत बँक नव्हती. हाती आलेला पैसा कपड्यालत्त्यात आणि पाहुणचारात विरून जाण्यापूर्वी त्यातील काही भाग गुंज-गुंज, मासा-मासा करून घरच्या लक्ष्मीच्या अंगावर चढे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. एवढ्या लहान मापांनी हिशेब चालत असे, यावरूनच ती खरेदी कोणत्या बेताची होती हे कळून येईल. पुढे श्रावण-भाद्रपदात घरातील कणगी रिकामी झाली की तीच पुतळ्यांची माळ गहाण पडे आणि सुगी झाली की सुटून येई. गावचा सोनार हा बलुतेदार, आणि पोतदार म्हणून नाण्यांची पारख करणाराही तोच. त्यामुळे या देवघेवीत त्याचे स्थान नुसत्या कारागिराचे नव्हते, पुष्कळ अंशी विश्वस्ताचे होते. संत नरहरी सोनारांची कटिसूत्राची कथा आपण कीर्तनांतून ऐकतो. विठोबाच्या कमरेला ती साखळी कधी वीतभर आखूड होई तर कधी वीतभर लांब. तिचा पारमार्थिक अर्थ थोर आहेच. परंतु माप चुकले म्हणजे सोनाराने स्वतः पुनःपुन्हा जाऊन ते जुळविले पाहिजे, हा व्यवसायधर्मही त्या कथेत गृहीत धरलेला आहे.

तात्पर्य, सणाला सोने घेणे म्हणजे उधळपट्टी, असे सरसकट विधान इतिहासाच्या जाणकाराला करता येणार नाही. ती एक प्रकारची बचत होती, आणि स्त्रीधन म्हणून तर ती बाईच्या हक्काची एकमेव बचत होती. परंतु या बचतीला दोन मर्यादा होत्या. पैसा अगोदर हाती येई आणि सोने नंतर घेतले जाई, ही एक. मुहूर्तही ठरलेले होते, ही दुसरी. या दोन्ही मर्यादा आता सुटल्या आहेत. अक्षय्य तृतीयेचे उदाहरण पाहा. आपल्याकडे हा दिवस पितरांच्या स्मरणाचा आणि उदककुंभाच्या दानाचा. खानदेशात हीच आखाजी. त्या दिवशी सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, आंब्याचा रस आणि पुरणाची पोळी होते. त्या दिवशी सराफाच्या दुकानापुढे रांग लावण्याची चाल महाराष्ट्रात जुनी नाही. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जाहिरातींनी ती रुजविली आहे. धनत्रयोदशीला आपल्या आज्या धन्वंतरीचे स्मरण करून धणे-गुळाचा नैवेद्य दाखवीत, घरात जे काही किडूकमिडूक असेल त्याची पूजा करीत आणि तिन्हीसांजेला यमदीपदान करीत. घरातील धनाची पूजा करावयाची, असा त्या दिवसाचा रिवाज होता. नवे धन आणल्याखेरीज पूजा अपुरी राहते ही समजूत मागाहून आली, आणि ती आणण्यात आपल्या व्यवसायाचा वाटा मोठा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेचा येथे उल्लेख करावासा वाटतो. खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेला हा रमणा पुढे पेशव्यांनी पुण्यास चालविला आणि त्यावर दरसाल लाखो रुपये खर्च होऊ लागले. इंग्रजी राज्यात ही रक्कम संकुचित झाली. १८४९ च्या सुमारास गोपाळ हरि देशमुख, म्हणजेच लोकहितवादी, यांच्यासह काही मंडळींनी सरकारकडे अर्ज केला की, या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस लावावा. त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वात आली आणि सणाच्या दानाचा एक पाट ग्रंथांकडे वळला. १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिणारा हा पुरुष निरर्थक खर्चावर नुसते कोरडे ओढून थांबला नाही, तो पैसा कोठे न्यावा हेही त्याने सांगितले, ही गोष्ट आमच्या मते विशेष होय.

आता ज्या कागदपत्रांकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो, ती म्हणजे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांची. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची दुकाने व घरे गाठून कर्जरोखे हिसकावले आणि जाळले. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या वेळच्या पुष्कळ अंमलदारांचे ठाम मत असे होते की, कुणबी कर्जात बुडाला तो लग्नकार्यांतील आणि सणावारांतील उधळपट्टीमुळे. हे मत सोयीचे होते, कारण मग सारावाढीचा, कोर्टकचेरीच्या जाचाचा आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) चढून पुढे कोसळलेल्या कापसाच्या भावाचा विचारच करावा लागला नसता. आयोगाने मात्र हे मत जसेच्या तसे स्वीकारले नाही. कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने लग्नाचा खर्च जास्त असतो हे त्याने मान्य केले. परंतु असे प्रसंग आयुष्यात क्वचित येतात, अनेक वर्षांच्या हिशेबात पाहू जाता तो खर्च माणसाने अवास्तव केला असे म्हणता येत नाही, आणि कर्जाचे मूळ त्यात क्वचितच सापडते, असा त्याचा एकंदर निष्कर्ष होता. १८७९ चा शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुढे याच चौकशीच्या अनुषंगाने आला.

हा निष्कर्ष आम्हांस दोन कारणांनी महत्त्वाचा वाटतो. गरिबाच्या घरचा सण पाहून त्याच्या दारिद्र्याचे खापर त्याच्याच माथी फोडण्याची खोड सुशिक्षितांना फार पूर्वीपासून आहे, आणि आपल्या ज्ञातिसभांतील ठरावांतही ती डोकावते. वर्षातून एकदा मुलांना नवे कपडे घेणाऱ्या, करंज्या-चकल्यांचा घाणा घालणाऱ्या कारागिराला काटकसर शिकविण्याचा अधिकार कोणाला आहे, असे आम्हांस विचारावेसे वाटते. हे झाले पहिले कारण. दुसरे कारण याच्या उलट दिशेचे आहे. आयोगाने खर्च क्षम्य मानला तो प्रसंग क्वचित येतात म्हणून. आज ते क्वचित राहिलेले नाहीत. साडेतीन मुहूर्तांत धनत्रयोदशी आली, गुरुपुष्यामृत आले, वाढदिवस आले, लग्नाचे वाढदिवस आले. आयोगाचे ते न्यायी वचन आजच्या पंचांगाला लागू करावयाचे झाल्यास त्यातील आधारच निसटतो.

साधेपणाने कार्ये करण्याच्या चळवळी महाराष्ट्रात पुष्कळ झाल्या. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात अल्प खर्चाचे पहिले सत्यशोधकी लग्न लागले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८८७ पासून भरू लागलेल्या सामाजिक परिषदेतही लग्नखर्चाच्या मर्यादेची चर्चा होत असे. परंतु लोकांच्या मनाला जाऊन भिडले ते गाडगे महाराज (१८७६-१९५६). परीट ज्ञातीत जन्मलेल्या या पुरुषाने मुलीच्या बारशाला मद्य-मांसाची पंगत घालण्याचे नाकारून गोडाचे जेवण घातले. ज्ञातीची रीत ज्ञातीसमोरच, आणि तीही आपल्याच घरच्या कार्यात मोडली. पुढे खराटा आणि गाडगे घेऊन गावोगाव फिरताना, ऋण काढून सण करू नका, हे ते कीर्तनातून श्रोत्यांकडूनच वदवून घेत. त्यांच्या कीर्तनाने जमलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः ते त्या इमारतींत राहिले नाहीत.

आपल्या व्यवसायाच्या इतिहासात दोन वर्षे अशी आहेत की, ती आठवल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. त्यांपैकी पहिले १९३१. जागतिक मंदीने धान्याचे आणि कापसाचे भाव कोसळले होते. सारा आणि व्याज मात्र होते तेवढेच होते. त्या वर्षी सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णचलन सोडले, रुपया पौंडाशी जखडलेला राहिला आणि सोन्याचा भाव चढला. मग खेडोपाडीच्या घरांतून पिढ्यान् पिढ्यांचे डाग बाहेर निघाले, आटविले गेले आणि लगडींच्या रूपाने मुंबई बंदरातून विलायतेस गेले. हा ओघ पुढे काही वर्षे चालू होता. ज्यांनी बेताबेताने, रोख पैशाने सोने जमविले होते, त्यांची जमीन त्या सोन्याने वाचविली. सणाच्या सोन्याच्या बाजूने साक्ष द्यावयाची तर याहून मोठी साक्ष नाही. मात्र त्या वेळी मुशीत गेले ते केवळ सोने. घडणावळीचा एक पैसाही कोणाला परत मिळाला नाही.

दुसरे वर्ष १९६३. चीनच्या आक्रमणानंतर १९६२ च्या अखेरीस संरक्षण निधीसाठी भारतीय स्त्रियांनी हातांतील बांगड्या काढून दिल्या, हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. त्यानंतर ९ जानेवारी १९६३ रोजी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या कारकिर्दीत सुवर्णनियंत्रणाचे नियम जाहीर झाले आणि १४ कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी झाली. सोन्याची हाव कमी व्हावी, चोरट्या आयातीस आळा बसावा, परकीय चलन वाचावे, हे हेतू वाईट नव्हते. परंतु २२ कॅरटचे, म्हणजे शेकडा साडेएक्याण्णव भाग शुद्ध सोने वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला शेकडा अठ्ठावन्न भागांचे सोने घे म्हटल्यावर ते घेईना. आणि त्या कसाचे सोने हातोडीखाली नीट खेळेना, त्याचा रंगही उतरेना. मोठ्या पेढ्यांनी दम धरला. ज्याचे भांडवल म्हणजे एक ऐरण, एक फुंकणी, एक शेगडी आणि दोन हात, त्याची चूल विझली. देशभर लक्षावधी कारागीर बेकार झाले. काहींनी जीव दिल्याच्या बातम्या त्या काळच्या वृत्तपत्रांत येत होत्या. १९६६ साली १४ कॅरटचे बंधन उठले, परंतु १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा आला तो १९९० साली रद्द होईपर्यंत राहिला. या सत्तावीस वर्षांत आपल्या ज्ञातीतील किती मुले गिरणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत आणि शाळांत नोकरीला लागली, हे प्रत्येक घराने आपापल्या वंशवृक्षाकडे पाहून मोजावे.

आणि लोकांची सोन्याची हौस? ती तसूभरही ढळली नाही. चोरटा व्यापार मात्र फोफावला. कायद्याने लादलेली काटकसर ज्याने उधळपट्टी केली त्याच्या अंगाला लागली नाही, कारागिराच्या अंगाला लागली. म्हणून सणाच्या खरेदीला आवर घालावयाचा तर तो घराघरांतून, स्वतःच्या राजीखुशीने घातला पाहिजे, असे आमचे मत आहे. सरकारने पुन्हा तसा प्रयोग करावा असे आपल्या ज्ञातीतील कोणीही म्हणणार नाही.

हा आवर घालण्यास सुवर्णकाराइतका अधिकारी दुसरा कोणी नाही, कारण दागिन्याचा खरा हिशेब त्याला माहीत असतो. तो येथे उघड मांडण्यास हरकत नसावी. समजा, एखाद्याने २२ कॅरटच्या भावाने एक लाख रुपयांचे सोने असलेला दागिना घेतला. बारा टक्के घडणावळ धरली तर एक लाख बारा हजार झाले. त्यावर तीन टक्के कर धरता ३,३६० रुपये. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून गेले १,१५,३६०. दुसऱ्या दिवशी तो दागिना मोडावयास आणला, तर हाती येतात ते फार तर लाख. त्यातूनही घट कापली जाते. डागाच्या जागी कस कमी भरतो. पोकळ दागिन्यात लाख असली, वर खडे किंवा मीना असला, तर ते वजन वजा होते. याचा अर्थ घडणावळ ही कारागिराच्या कौशल्याची किंमत आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ती गुंतवणूक नव्हे, तो खर्च आहे. दागिना हौसेसाठी घ्यावा आणि हौसेचा खर्च म्हणूनच मांडावा. बचतीच्या नावाने नाजूक कलाकुसरीचा, भारी घडणावळीचा दागिना घेणे आणि त्यासाठी वर्षभर हप्ते फेडणे, यात बचत कोठे आहे? हे आपण गिऱ्हाइकाला सांगत नाही. निदान आपल्या लेकीसुनांना तरी सांगावे.

हप्त्यांवरून भिशीची आठवण झाली. दरमहा ठरावीक रक्कम पेढीवर भरावी, अकरा महिन्यांनंतर दुकानदाराने एक हप्ता आपल्याकडून घालावा आणि दिवाळीला दागिना उचलावा, ही पद्धत आता सर्वत्र आहे. अकराच महिने का, असे पुष्कळांना वाटते. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम वर्षाच्या आत मालात फिटली नाही तर कंपनीच्या बाबतीत ती ठेव समजली जाते, असा २०१४ पासूनचा नियम आहे. त्याचे हे फलित. भिशी नेकीने चालविणाऱ्या पेढ्या पुष्कळ आहेत. परंतु २०१९ साली महाराष्ट्रातच दिवाळीच्या तोंडावर दुकानाला कुलूप लागल्याचे आणि हजारो कुटुंबांचे पैसे अडकल्याचे प्रकार घडले. त्यांत गेला तो बहुतांशी मध्यमवर्गीय आणि कष्टकरी स्त्रियांनी घरखर्चातून राखलेला पैसा. एका बांगडीच्या आशेने त्यांनी सहकारी पतपेढीच्या किंवा टपाल खात्याच्या पुस्तकाकडे पाठ फिरविली होती.

वाचविलेल्या पैशाचे काय होऊ शकते, याची उदाहरणे आपल्यापुढे आहेत. आपल्या ज्ञातीला ललामभूत झालेले नाना शंकरशेट (१८०३-१८६५) यांची गणना मुंबईच्या अग्रगण्य धनिकांत होत असे. १८४९ साली मुंबईत मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा त्यांतील एकीला त्यांनी आपल्या वाड्यात जागा दिली. लोकनिंदेची पर्वा केली नाही. त्यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती पुढे मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांत फार मानाची समजली गेली. १९१२ साली ती मिळविणाऱ्या चिंतामणराव देशमुखांनी पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद आणि देशाचे अर्थमंत्रिपद भूषविले. दुसरे उदाहरण चित्रापूर सारस्वत मंडळींचे. १९०६ साली श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी मुंबईत शामराव विठ्ठल यांच्या नावाने ज्ञातिबांधवांसाठी सहकारी पतसंस्था काढली. सामान्य कारकुनांच्या लहान लहान ठेवींवर ती उभी राहिली. १९१५ साली त्याच मंडळींनी गावदेवीला सहकारी तत्त्वावर घरे बांधण्याची संस्था काढली. ही ज्ञाती संख्येने लहान आणि पैशाने सामान्य होती, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्या शिक्षण निधीची स्थिती पाहून खाली मान घालावी लागते. ज्या घरातून दिवाळसणाला दीड तोळ्याची साखळी जाते, त्याच घरातून शिक्षण निधीला शंभर रुपयांची पावती फाडताना घासाघीस होते.

एक अडचण उरते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सणाची खरेदी कमी झाली तर आपल्या कारागिराने खावे काय? आज साचे आणि यंत्रे यांनी त्याचे पुष्कळ काम हिरावले आहे. मुंबईच्या झवेरी बाजारात घडाईचे काम करणाऱ्यांत बंगालमधून आलेल्या कारागिरांचा भरणा मोठा आहे. तेही आपल्यासारखेच पोटासाठी बसलेले. १९६३ ची चूल पुन्हा विझावी असे आम्ही सुचवीत नाही. आमचे म्हणणे मर्यादित आहे. घरात पडून असलेले आजीचे वजनदार गोठ, तोडे, वाकी हे मोडून-जोडून नव्या मापाने घडवून घेण्यात कारागिराला पूर्ण मजुरी मिळते आणि घराला नवे सोने घ्यावे लागत नाही. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेल्यापासून अनेक घरे या मार्गाकडे आपसूक वळली आहेत. ओवणी, उजाळा, फास दुरुस्त करणे, सैल झालेले खडे बसविणे ही कामे पूर्वी श्रावणातच आटोपत, म्हणजे सणापूर्वी घरचेच दागिने घरच्यांच्या अंगावर नवे होऊन येत. त्या कामाचा योग्य मोबदला देण्याची सवय आपल्यालाच नाही. जुने काम म्हटले की आपले ज्ञातिबांधव फुकटात करून मागतात!

राहता राहिला दिवाळसण आणि अधिक महिन्याचे वाण. या बाबतीत ठरावांचा उपयोग होत नाही असा सर्वच ज्ञातिसंस्थांचा अनुभव आहे, कारण ठरावाला हात वर करणारा वरपिता घरी गेल्यावर मौन धरतो आणि त्याचे मौन म्हणजे मागणी, असा वधूपिता अर्थ घेतो. लग्नाच्या बोलणीतच मुलाकडच्यांनी आपण होऊन, मुलीच्या आईच्या समक्ष, स्पष्ट शब्दांत सांगावे की, पहिल्या दिवाळीला जावयाला अभ्यंगस्नान आणि जेवण पुरे, दागिना नको. बोलावयाचे ते घेणाऱ्यानेच बोलले पाहिजे. देणाऱ्याच्या तोंडून ते शोभत नाही आणि निघतही नाही. आमच्या माहितीतील काही घरांनी असे बोलून दाखविले, आणि त्यांच्या सुना दिवाळीला माहेरी चार दिवस अधिक राहून आल्या.

अधिक मास साधारणपणे बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि २०२६ साली अधिक ज्येष्ठ. त्या महिन्यात तेहेतीस अपूप, म्हणजे आपले अनारसे, दान करावेत असे धर्मग्रंथांत सांगितले आहे आणि ते काशाच्या पात्रात घालून द्यावेत अशी तेथे योजना आहे. काशाचे पात्र चांदीचे केव्हा झाले, त्यात चांदीचा दिवा केव्हा आला आणि त्या दिव्याशेजारी जावयाची अंगठी कोणी ठेवली, याचा शोध घेऊ गेल्यास तो बहुधा आपल्याच दुकानांच्या दर्शनी कपाटापाशी येऊन थांबेल. तांदूळ तीन दिवस भिजवून, सावलीत सुकवून, कुटून, गुळात मळून, खसखशीवर थापून तळलेला जाळीदार अनारसा करणे मात्र पूर्वीइतकेच कठीण राहिले आहे, आणि ते ज्यांना साधते अशा बायका ज्ञातीत दरवर्षी कमी होत आहेत.